पत्ता वाचण्याची साक्षरता : फसवी संकेतस्थळे आणि चेन्नईचा एक निर्णय



सप्टेंबर २००७ मध्ये नोकरीनिमित्त आबुधाबीत राहणाऱ्या एका तामिळ गृहस्थांना एक ई-मेल आला. त्यांचे खाते आयसीआयसीआय बँकेच्या तुतिकोरिन शाखेत होते. ई-मेल बँकेच्याच नावाने आलेला होता. इंटरनेट बँकिंगचे वापरकर्ता-नाव आणि संकेतशब्द कळविला नाही, तर खाते संपुष्टात येईल, असे त्यात बजावले होते. गृहस्थांनी माहिती कळविली. पुढे त्यांच्या लक्षात आले, की खात्यातून ६ लाख ४६ हजार रुपये एका अनोळखी कंपनीच्या खात्यात वळते झाले असून त्यांपैकी सुमारे ४ लाख ६० हजार रुपये मुंबईतील शाखेतून काढूनही घेण्यात आले आहेत.

खाते तुतिकोरिनला, खातेदार आखातात, पैसे निघाले मुंबईत. आणि दाद मागण्याचे ठिकाण होते चेन्नई. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४६ मध्ये न्यायनिर्णय अधिकाऱ्याची तरतूद आहे. केंद्र शासनाने २००३ मध्ये प्रत्येक राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे हे काम सोपविले. संगणकात अनधिकृत प्रवेश करून कोणाचे नुकसान झाले असेल, तर दिवाणी न्यायालयात न जाता या अधिकाऱ्याकडे भरपाई मागता येते. पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे त्याच्या कक्षेत येतात. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत हे कलम बहुधा एका ओळीत उरकलेले असते. त्यामुळे ते प्रत्यक्षात कसे वापरले गेले, हे पाहणे उपयोगाचे आहे.

चेन्नईला सायबर कायद्याची ओळख नवी नव्हती. एका महिलेविषयी अश्लील मजकूर इंटरनेटवर टाकल्याबद्दल याच अधिनियमाच्या कलम ६७ खालील देशातील पहिली शिक्षा म्हणून ज्या निकालाचा उल्लेख केला जातो, तो नोव्हेंबर २००४ मध्ये चेन्नईच्या एग्मोर न्यायालयाने दिलेला आहे. मात्र त्या प्रकरणात गुन्हेगार समोर होता. बँकेच्या प्रकरणात खरा ठक पडद्याआडच राहिला आणि प्रश्न उभा राहिला तो निराळाच : फसव्या संदेशाला बळी पडलेल्या माणसाचे नुकसान कोणी सोसावे?

बँकेचे म्हणणे असे, की संकेतशब्द गुप्त ठेवणे ही खातेदाराची जबाबदारी होती; त्याने तो स्वतःहून दिला, तेव्हा दोष त्याचा. वरवर पाहता हे म्हणणे बिनतोड आहे. तामिळनाडूचे तत्कालीन माहिती तंत्रज्ञान सचिव आणि न्यायनिर्णय अधिकारी पी. डब्ल्यू. सी. डेव्हिदार यांनी १२ एप्रिल २०१० रोजी दिलेल्या आदेशात ते मान्य केले नाही. अशा प्रकारचा अनधिकृत प्रवेश रोखू शकेल इतकी खातरजमेची व पडताळणीची पक्की व्यवस्था बँकेने उभारली नव्हती, हा त्यांच्या निष्कर्षाचा गाभा होता. बँकेने तक्रारदाराला १२ लाख ८५ हजार रुपये द्यावेत, असा आदेश झाला. गेलेली रक्कम, तिच्यामुळे झालेले आर्थिक नुकसान आणि पाठपुराव्यासाठी करावा लागलेला प्रवासखर्च हे सारे त्यात धरलेले होते.

बँकेने या आदेशाविरुद्ध सायबर अपील न्यायाधिकरणाकडे धाव घेतली. या न्यायाधिकरणाचे अध्यक्षपद जून २०११ मध्ये रिक्त झाले आणि २०१७ मध्ये ही संस्था दूरसंचार तंटा निवारण व अपील न्यायाधिकरणात विलीन होईपर्यंत ते भरले गेले नाही. कायदा तयार असणे आणि तो चालविणारी खुर्ची भरलेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रशासनात जाऊ इच्छिणाऱ्यांनी येथे टिपून ठेवावे.

ई-मेलपासून संकेतस्थळापर्यंत

गळाला आमिष लावून मासा पकडावा, तशी ही युक्ती असल्याने तिला 'फिशिंग' हे नाव पडले. भारतात या शब्दाची न्यायालयीन दखल मार्च २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'नॅसकॉम' या संघटनेच्या खटल्यात घेतली. तिच्या नावाने बनावट ई-मेल पाठवून नोकरीच्या उमेदवारांची माहिती गोळा केली जात होती. फिशिंगविषयी त्या वेळी स्वतंत्र कायदा नव्हता, तरीही न्यायालयाने ते कृत्य बेकायदेशीर ठरविले आणि तडजोडीनुसार १६ लाख रुपयांची भरपाई नोंदविली गेली. नोकरी शोधणारा तरुण हे या जाळ्याचे पहिल्यापासूनच ठरलेले भक्ष्य आहे, ही बाब त्यातून दिसते.

२००७ च्या त्या ई-मेलमध्ये माहिती उत्तरादाखल मागितली होती. पुढे ठकांनी एक पाऊल टाकले. उत्तर मागण्याऐवजी ते दुवा देऊ लागले आणि दुव्याच्या टोकाला खऱ्यासारखे दिसणारे संकेतस्थळ उभे करू लागले. संकेतस्थळाचे रूप उचलणे मुळीच अवघड नाही. बोधचिन्ह, रंग, मंत्र्यांचे छायाचित्र, अशोकस्तंभ, खालच्या पट्टीतील 'स्वामित्व हक्क सुरक्षित' ही ओळ हे सर्व काही मिनिटांत जसेच्या तसे उतरवून घेता येते. म्हणून 'दिसायला तर अगदी सरकारी होते' या वाक्याला पुरावा म्हणून काहीही किंमत नाही.

चेन्नईच्या दक्षिणेस कडलूर जिल्ह्यात पनरुटी नावाचे गाव आहे. तेथे जुलै २०२० मध्ये भारतीय स्टेट बँकेची चक्क एक बनावट शाखा उघडकीस आली. ती थाटणारा १९ वर्षांचा तरुण होता आणि त्याचे आई-वडील बँकेतच नोकरी केलेले होते. पावत्या, चलने, शिक्के, नोटा मोजण्याचे यंत्र अशी सारी जमवाजमव त्याने केली होती. एका ग्राहकाला शंका आली, त्याने खऱ्या शाखेच्या व्यवस्थापकांना विचारले आणि प्रकरण संपले. ही शाखा फार काळ टिकली नाही, कारण ती एका रस्त्यावर होती, शेजारीपाजारी होते आणि खरे व्यवस्थापक तेथे चालत जाऊ शकत होते. संकेतस्थळाला शेजार नसतो. त्याला असतो फक्त पत्ता, आणि नक्कल न करता येण्याजोगी गोष्टही तीच.

पत्ता कसा वाचावा

शिक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये नोकरीचे आमिष दाखवून पैसे उकळणाऱ्या काही बनावट संकेतस्थळांविषयी जाहीर इशारा दिला होता. त्यांतील एकाचा पत्ता होता 'समग्र डॉट शिक्षाअभियान डॉट सीओ डॉट इन'. समग्र शिक्षा योजनेचा खरा पत्ता 'समग्र डॉट एज्युकेशन डॉट जीओव्ही डॉट इन' असा आहे. दोन्ही पत्ते 'समग्र' या शब्दाने सुरू होतात. डावीकडून वाचणारा माणूस पहिला ओळखीचा शब्द पाहून समाधान पावतो, आणि ठकाची सारी भिस्त याच सवयीवर असते.

पत्ता उजवीकडून वाचावा लागतो. आरंभीचा 'एचटीटीपीएस' आणि त्यानंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडून द्याव्यात. त्यापुढे जी पहिली एकटी तिरपी रेघ येते, तेथे थांबावे आणि मागे वळावे. त्या रेघेनंतर काहीही लिहिलेले असो, मालक कोण हे ठरविण्यात त्याला स्थान नाही. मागे वळल्यावर आधी पत्त्याचा शेवट दिसतो : 'डॉट इन', 'डॉट कॉम', 'सीओ डॉट इन', 'जीओव्ही डॉट इन'. त्याच्या लगत डावीकडे असलेला शब्द म्हणजे नोंदणी झालेले नाव. त्याच्याही डावीकडचे सर्व शब्द त्या नावाच्या मालकाने स्वतःच्या मर्जीने ठेवलेले असतात. वरील बनावट पत्त्यात नोंदणीचे नाव 'शिक्षाअभियान' हे आहे आणि शेवट 'सीओ डॉट इन' हा. 'समग्र' ही नुसती दारावरची पाटी. कोकणातल्या घराला कोणी 'शनिवारवाडा' असे नाव दिले म्हणून पोस्टमन पत्र घेऊन पुण्याला जात नाही. तो पत्त्याच्या अखेरीचा तालुका आणि जिल्हा पाहतो. संकेतस्थळाच्या बाबतीत वाचकाने तेच करावयाचे आहे.

टिंब आणि आडवी रेघ यांतील फरकही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. टिंबाने नावाचे भाग वेगळे होतात; आडव्या रेघेने जोडलेले शब्द मिळून एकच नाव राहते. एखाद्या बँकेचे नाव, मग आडवी रेघ, मग 'केवायसी', पुन्हा आडवी रेघ आणि 'अपडेट', असा पत्ता दिसला, तर ते त्या बँकेचे उपपृष्ठ नसून कोणीतरी नव्याने नोंदविलेले स्वतंत्र नाव असते.

शेवटाला इतके महत्त्व का? 'डॉट इन' या कुळातील नावे २००५ पासून सर्वांना खुली झाली. 'सीओ डॉट इन' किंवा 'ओआरजी डॉट इन' कोणीही, थोडे शुल्क भरून, घेऊ शकतो. 'ओआरजी' आहे म्हणजे सेवाभावी संस्था असलीच पाहिजे, असे नाही. याउलट 'जीओव्ही डॉट इन' फक्त शासकीय कार्यालयांना आणि तेही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रामार्फतच मिळते. 'एसी डॉट इन' हा शेवट शैक्षणिक संस्थांसाठी राखीव आहे आणि त्याची नोंदणी अर्नेट इंडिया ही संस्था करते.

मात्र एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही. 'जीओव्ही डॉट इन असेल तरच खरे' हा नियम सोपा आहे, पण पुरा नाही. रेल्वेची तिकिटे देणाऱ्या आयआरसीटीसीचा पत्ता 'सीओ डॉट इन'ने संपतो. बँकांच्या भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसचे संकेतस्थळ नुसत्या 'डॉट इन'वर आहे. दोन्ही खरी आहेत. रेल्वे भरती मंडळे देशात २१ आहेत. चेन्नईचे निराळे, मुंबईचे निराळे, आणि प्रत्येकाचे संकेतस्थळही निराळे. ज्या उमेदवाराने आपल्या मंडळाचा पत्ता कधी लिहून ठेवला नाही, त्याला बाविसावे मंडळ दाखविणे ठकाला कठीण जात नाही.

यावर उपाय जुनाच आहे. पत्ता संकेतस्थळावरून पडताळू नये, तो बाहेरून आणावा. 'रोजगार समाचार'मध्ये किंवा मान्यवर वृत्तपत्रात छापलेल्या मूळ जाहिरातीत संस्थेचा पत्ता दिलेला असतो. तो स्वतःच्या हाताने टंकित करावा आणि ब्राउझरमध्ये खूण करून ठेवावा. व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून अर्ज भरावयास जाऊ नये, मग तो अभ्यासिकेतील जिवलग मित्राने पाठविलेला का असेना. त्यालाही तो कोणाकडून तरी आलेला असतो. शोधयंत्राने दाखविलेला पहिला निकाल हाच खरा, असेही मानू नये. वरच्या ओळी पुष्कळदा पैसे देऊन मिळविलेल्या जाहिरातींच्या असतात आणि तसे तेथे लहान अक्षरांत लिहिलेलेही असते. त्या पैसे भरणाऱ्यांत ठकही असतात.

कुलूप, अक्षरे आणि शुद्धलेखन

पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसले की संकेतस्थळ सुरक्षित, असा सल्ला अनेक वर्षे दिला जात होता. तो आता मागे घ्यावा लागतो. कुलपाचा अर्थ इतकाच, की आपला संगणक आणि ते संकेतस्थळ यांच्यामधील मजकूर वाटेत कोणाला वाचता येणार नाही. पलीकडे बसलेला माणूस सज्जन आहे की नाही, याविषयी कुलूप मौन बाळगते. चोराशी बंद खोलीत बोलले, तर बोलणे गुप्त राहते; पैसे राहत नाहीत. यासाठी लागणारे प्रमाणपत्र २०१६ च्या सुमारापासून विनामूल्य मिळू लागले आणि फसव्या संकेतस्थळांनीही ते सर्रास घेतले. लोक कुलपाचा चुकीचा अर्थ घेतात, हे पाहून गुगलने सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरमधून ते चिन्ह काढून टाकले.

दिसायला सारख्या अक्षरांची युक्ती मराठी वाचकाला पटकन समजेल. 'ख' हे अक्षर जुन्या छपाईत 'रव' असे वाचले जाई आणि त्यातून गमतीजमती घडत. रोमन 'ए' आणि रशियन लिपीतील 'अ' हे असेच डोळ्यांना एक, संगणकाला दोन. अशी परकी अक्षरे घालून नामांकित कंपनीच्या पत्त्याची हुबेहूब प्रतिकृती तयार करता येते, हे २०१७ मध्ये एका संशोधकाने दाखवून दिले आणि ब्राउझरांना आपले नियम सुधारावे लागले. देवनागरीत 'डॉट भारत' या शेवटाची सुविधा २०१४ पासून आहे. तामिळसह इतर भारतीय भाषांतही तशी सोय झाली आहे. तामिळ आणि मल्याळम लिप्यांतील काही अक्षरे दिसायला फार जवळची आहेत, त्यामुळे भारतीय लिप्यांतील पत्त्यांचे नियम ठरविताना तज्ज्ञांना या साम्याचा विचार करावा लागला.

चुकीचे शुद्धलेखन ही पूर्वी एक भरवशाची खूण होती. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे आता ठकाचे मराठीही निर्दोष असू शकते. किंबहुना काही खऱ्या शासकीय संकेतस्थळांवरील मराठी पाहता ही खूण उलटीच लागू पडेल की काय, अशी शंका येते.

संकेतस्थळ काय मागते, याकडे मात्र अवश्य पाहावे. भरतीच्या बनावट संकेतस्थळाला दोनच गोष्टी हव्या असतात : शुल्क आणि कागदपत्रे. शुल्क एखाद्या व्यक्तीच्या यूपीआय क्रमांकावर मागितले जात असेल, तर तेथेच थांबावे. पैसे पाठविण्यापूर्वी मोबाइलवर घेणाऱ्याचे नाव दिसते, ते वाचण्याचे कष्ट घ्यावेत. शुल्क शेदोनशे रुपयांचे असल्याने तक्रार करण्याचे कोणाच्या मनात येत नाही, आणि हजारो उमेदवारांचे असे शेदोनशे एका ठिकाणी जमा होतात. कागदपत्रांचे नुकसान त्याहून मोठे. आधार क्रमांक, छायाचित्र आणि स्वाक्षरीची प्रत एकाच वेळी परक्या हाती गेली, तर तिचा उपयोग उमेदवाराच्या नावाने खाते उघडण्यासाठी किंवा सिमकार्ड घेण्यासाठी होऊ शकतो. मुंबईच्या शाखेतून निघालेले ते ४ लाख ६० हजार रुपये आठवावेत. चोरीचा पैसा बाहेर काढावयास कोणाच्या तरी नावाचे खाते लागतेच. 'आज शेवटचा दिवस', 'फक्त काही जागा शिल्लक' अशी घाईही त्यासाठीच केली जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या नावानेही असे संकेतस्थळ निघाले होते आणि ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायालयाच्या प्रबंधक कार्यालयाला त्यावर माहिती भरू नये, अशी सूचना काढावी लागली. एखाद्या भरतीविषयी शंका असल्यास पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य-पडताळणी कक्षाकडे विचारणा करता येते. हा कक्ष २०१९ पासून काम करीत आहे.

फसवणूक झाल्यानंतर

अशा वेळी लाज वाटून गप्प बसणे ही सर्वात महाग चूक ठरते. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी रोखली गेली, तरच ती परत मिळण्याची आशा असते. बनावट संकेतस्थळाचा संपूर्ण पत्ता उतरवून ठेवावा, पडद्याचे चित्र घ्यावे आणि संदेश पुसून टाकू नयेत.

कायद्याच्या दृष्टीने दुसऱ्याचा संकेतशब्द किंवा ओळख वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-क नंतर आलेल्या ६६-सी चा, तर संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणे हा कलम ६६-डी चा अपराध आहे. दोन्हींसाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितलेला आहे. ही कलमे २००८ च्या दुरुस्तीने आली आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. म्हणजे तुतिकोरिनच्या खातेदाराचे पैसे गेले, तेव्हा ती अस्तित्वातच नव्हती. भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ ने घेतली आहे.

नुकसान कोणाचे, या चेन्नईत उपस्थित झालेल्या प्रश्नाला रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने काहीसे उत्तर दिले. दोष बँकेचा असेल, तर ग्राहकावर कोणताही भार नाही. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा बाबतीत बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास ग्राहकाला काही सोसावे लागत नाही. चार ते सात दिवस झाल्यास ठरावीक मर्यादेपर्यंत सोसावे लागते. ग्राहकाने स्वतःच संकेतशब्द दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळविल्यानंतरचे बँकेचे. या शेवटच्या तरतुदीकडे पाहिले, तर २०१० च्या आदेशाने खातेदाराला जितके सावरून धरले होते, तितके परिपत्रक धरत नाही. फसवा पत्ता ओळखण्याचे ओझे पुन्हा बरेचसे वाचकाच्या डोळ्यांवर येऊन पडते.

ते डोळे ज्या पत्त्याकडे पाहणार, तो तरी एकसारखा असावा, या दृष्टीने रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये महत्त्वाची घोषणा केली. बँकांसाठी 'बँक डॉट इन' हा स्वतंत्र शेवट राखून ठेवण्यात आला. त्याची नोंदणी हैदराबाद येथील बँकिंग तंत्रज्ञान विकास व संशोधन संस्थेकडेच करता येते आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांनी तेथे स्थलांतर करावे, असे ठरले. चेन्नईत मुख्यालय असलेल्या इंडियन बँक व इंडियन ओव्हरसीज बँक यांपासून पुण्याच्या बँक ऑफ महाराष्ट्रपर्यंत सर्वांना हे लागू आहे. २००७ मध्ये खरे-खोटे पारखण्यासाठी खातेदाराच्या हाती असे कोणतेच साधन दिलेले नव्हते. भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थांचे पत्ते मात्र अजूनही 'जीओव्ही डॉट इन', 'डॉट इन', 'एसी डॉट इन' असे विखुरलेले आहेत. बँकांसाठी जे करता आले, ते लाखो उमेदवारांसाठी करण्यात तांत्रिक अडचण कोणती, हा प्रश्न आज परीक्षा देणाऱ्यांपैकी जे उद्या शासनाच्या माहिती तंत्रज्ञान विभागात बसतील, त्यांच्या मेजावर यावयास हरकत नाही.